किमराया: रुग्णाच्याच पेशींपासून बनणारे औषध

पेशी-उपचार विभागात गोठवलेल्या पिशव्या वितळवून त्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवणे हे माझे काम आहे. टिसाजेनलेक्ल्युसेल, म्हणजेच ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील किमराया हे औषध, मी याच कामातून ओळखतो. पिशवी जेमतेम 10 ते 50 मिलिलिटरची. उणे 120 अंशांहून थंड वाफेतून ती बाहेर काढायची, नावाची खातरजमा दोघांनी करायची, मग 37 अंशांच्या पाण्यात बर्फाचा शेवटचा खडा विरेपर्यंत हलक्या हाताने हलवत राहायचे आणि अर्ध्या तासाच्या आत सगळे शिरेत गेले पाहिजे. गोठवताना पेशींच्या रक्षणासाठी घातलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ लागतो. आठवडेच्या आठवडे वाट पाहिलेले औषध काही मिनिटांत संपते, तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, "झालं? एवढंच?"

खरे काम त्यानंतर सुरू होते. रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, आधीच काढून प्रयोगशाळेत पाठवलेल्या असतात. तिथे निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घातले जाते, ज्यामुळे बी-पेशींच्या (ज्या पांढऱ्या रक्तपेशींत हा कर्करोग होतो त्यांच्या) पृष्ठभागावरील सीडी19 हे प्रथिन त्यांना ओळखता येते. शरीरात परतल्यावर त्या स्वतःची संख्या वाढवतात. या औषधातील 4-1बीबी हा भाग त्यांना दीर्घकाळ टिकण्यास मदत करतो, आणि माझ्या मते औषधाची खरी करामत याच भागात आहे.

त्यामागे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे. 2010 साली त्यांनी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना अशा पेशी दिल्या. त्यांपैकी दोघांच्या शरीरात त्या दहा वर्षांनंतरही कार्यरत असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. 2012 मध्ये ल्युकेमिया झालेल्या सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला हा उपचार दिला गेला, तेव्हा चवताळलेल्या प्रतिकारशक्तीने तिला मृत्यूच्या दारात नेऊन ठेवले. तिच्या रक्तात आयएल-6 हे दाह वाढवणारे प्रथिन प्रचंड वाढल्याचे दिसल्यावर संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब तिला देण्यात आले आणि ती बचावली. जून यांना ते औषध ठाऊक होते, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता. आज पिशवी वितळवण्याआधी टोसिलिझुमॅब हाताशी आहे ना, हे आम्ही पाहतो, त्याचे मूळ या प्रसंगात आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2017 मध्ये 25 वर्षांपर्यंतच्या, उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा पुन्हा उलटलेल्या बी-पेशी ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी याला मान्यता दिली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध मिळालेल्या 75 जणांपैकी 81 टक्क्यांमध्ये तीन महिन्यांत आजार मागे हटला. इतर सर्व मार्ग खुंटलेल्या रुग्णांसाठी हा आकडा विलक्षण आहे, यात शंका नाही. मात्र त्याच चाचणीत 92 जणांची नोंदणी झाली होती. उरलेल्या 17 जणांपर्यंत औषध पोहोचलेच नाही. कुणाच्या पेशींपासून ते नीट तयार झाले नाही, तर कुणी वाट पाहताना गेले. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. कच्चा माल म्हणजे किमोथेरपीने आधीच खिळखिळ्या झालेल्या पेशी, आणि आजार काही प्रयोगशाळेच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. एकदा वाहतुकीतील गलथानपणामुळे ठरल्या दिवशी पिशवी आली नाही, तेव्हा पेशी देण्याआधीची तयारीची किमोथेरपी पुढे ढकलताना रुग्णाच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते.

दुसरा दोष लक्ष्याच्या निवडीतच आहे. निरोगी बी-पेशींवरही सीडी19 असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि अनेकांना पुढे दीर्घकाळ इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बाहेरून प्रतिपिंडे, द्यावे लागते. काही वेळा कर्करोग सीडी19 टाकून देतो आणि परत येतो. एका रुग्णात तर निर्मितीच्या वेळी एकाच ल्युकेमिया-पेशीत चुकून ते जनुक शिरले आणि तिचे सीडी19 झाकले गेले. तिच्या वंशजांनी आजार परत आणला. टी-पेशींच्या नव्या कर्करोगाच्या शक्यतेचा इशाराही 2024 पासून या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकात आला आहे.

तरीही दुसऱ्यांदा उलटलेल्या ल्युकेमियाच्या मुलाचे पालक विचारतील तर मी याची शिफारस करीन. फक्त टी-पेशी कधी काढायच्या, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, पुढची किमोथेरपी सुरू होण्याआधी विचारावा.