माकडहाडाला आराम देणारी खाचेची गादी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर नितंबांवरील चरबी झपाट्याने ओसरते आणि बसण्याच्या हाडांखालचा थर कधी कधी इतका पातळ होतो की लाकडी खुर्चीवर थोडा वेळ बसणेही असह्य होते. माझ्या पत्नीची हीच अवस्था झाल्यामुळे आम्ही वडोदऱ्यातील दांडिया बाजारात, शल्योपचाराचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून, मागच्या बाजूस खाच असलेली मेमरी फोमची, म्हणजे भाराने व उबेने दबून शरीराचा आकार घेणाऱ्या फोमची, गादी घेतली.

दुकानदाराने आधी मधोमध भोक असलेली हवेची गोल गादी दाखवली, परंतु तिच्यावर बसल्यावर शरीर डुलत होते. खाचेच्या गादीवर मात्र माकडहाड अधांतरी राहते व भार मांड्यांकडे सरकतो, हा फरक तिला बसताक्षणीच जाणवला आणि कित्येक आठवड्यांनी ती सर्वांसोबत शेवटपर्यंत जेवायला बसली, याचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे.

उन्हाळ्यात फोम मऊ पडून अधिक दबतो आणि मूळ अभ्रा घामाने चिकटतो, म्हणून सुती अभ्रा शिवून घ्यावा. गादीमुळे बैठकीची उंची वाढते. ठेंगण्या व्यक्तीला पायांखाली पाट लागेल. त्वचेवरील लाली टिकून राहिल्यास मात्र गादीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.