काकी, अंगठा उठत नाहीये

"काकी, अंगठा उठत नाहीये. परत ठेवा."

असं तो अर्ज भरून देणारा पोरगा तीनदा म्हणाला. मी तीनदा ठेवला.

चिपळुणात माझी वडा-भजीची गाडी आहे. रोज बेसन कालवून, बटाटे सोलून अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्यात. रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा पहिल्या खेपेला माझा अंगठा घेत नाही. त्यामुळे संशय यायचा प्रश्नच नव्हता, उलट मीच ओशाळले. त्याने खिशातला रुमाल काढला, माझा अंगठा पुसला, बोट पाण्यात बुडवून वरून फिरवलं आणि म्हणाला, "आमच्या आईचं पण असंच होतं." पैसे गेले त्यापेक्षा त्या पुसण्याचा मला आजही जास्त राग येतो.

आता पहिल्यापासून सांगते. मार्च २०२० ला गाडी बंद झाली ती धड सुरूच होईना. मधे चार महिने बरे गेले, तोवर एप्रिल २०२१ मध्ये परत सगळं बंद. नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना सरकारने १,५०० रुपये जाहीर केले ते तेव्हाच. आणि मग २२ जुलै. वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत किती चढलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. माझी गाडी दोन गल्ल्या सोडून उलटी पडलेली सापडली. कढईत चिखल बसला होता, तो वाळल्यावर उलथन्याने खरवडून काढावा लागला. ऑगस्टमध्ये सरकारने पूरग्रस्तांसाठी मदत जाहीर केली. दुकानदारांना ५० हजारांपर्यंत, टपरीवाल्यांना १० हजार.

हे आकडे मुद्दाम सांगतेय. तो पोरगा माझ्याशी जे खोटं बोलला, ते या खऱ्या आकड्यांचंच शिवलेलं होतं.

स्टँडकडून जाताना एका गाळ्यात तो बसायचा. लॅपटॉप, प्रिंटर, बाहेर फ्लेक्स: सर्व शासकीय योजनांचे अर्ज भरून मिळतील. पोरगं बोलायला गोड. म्हणाला, "काकी, कोरोनात बुडालेल्या छोट्या धंद्यांना नगरपालिकेमार्फत ५० हजार अनुदान आलंय. परत करायचं नाही. फाइलचे फक्त दीड हजार." पुराच्या मदतीतला ५० हजारांचा आकडा मी ऐकलाच होता. आठवड्यापूर्वी लोक पंचनाम्याच्या रांगेत उभे होते. सरकार पैसे वाटतंय हे खरं होतं, मग हेही खरंच असणार. दीड हजार दिले. पावती मागितली तर म्हणाला, "ऑनलाइन कामाला पावती नसते." (असते. प्रत्येक अर्जाचा नंबर पडतो, तो आपल्याला मिळालाच पाहिजे.)

नगरपालिकेच्या फेरीवाला सर्व्हेत माझं नाव होतं. त्या ओळखपत्राची झेरॉक्स, आधार, पासबुक सगळं त्याला दिलं. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला. पुढे त्याच्याबरोबर बँकेत जाऊन पाच-सहा कागदांवर सह्याही केल्या. "अनुदानाला कशाला एवढ्या सह्या?" असं विचारलं होतं मी. "सरकारी काम आहे काकी," म्हणाला. माझी चूक इथे आहे, ती मी लपवत नाही. काउंटरपलीकडच्या माणसाला एक प्रश्न विचारला असता, हे पैसे फेडायचे का, तर तिथेच उलगडा झाला असता. पण आपण आपल्या ओळखीच्या माणसाकडे बघतो, काउंटरकडे बघत नाही.

गणपती गेले. दसऱ्याच्या सुमाराला त्याचा फोन आला, "पैसे सुटणार आहेत, व्हेरिफिकेशनला या." तेव्हाचा तो अंगठा.

दिवाळीनंतर बँकेतून विचारणा झाली, हप्ता कधी भरताय? मी म्हटलं, कसला हप्ता? बँकेतल्या माणसाने पासबुक भरून हातात दिलं. त्यात १०,००० जमा. त्याखाली एकाच तारखेला तीन ओळी: ५,०००, ३,०००, २,००० वजा. शिल्लक माझे स्वतःचे ६४० रुपये. "हे आधारवर अंगठा देऊन काढलेत," तो म्हणाला. तीन ओळी, तीन अंगठे. मशीन दर वेळी अंगठा घेत होतं, तो मला घेत नाही म्हणून सांगत होता. बँकेच्या खात्याला नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला, त्यामुळे पैसे गेल्याचा मेसेजही कुणाला आला नाही.

आणि ते १० हजार अनुदान नव्हतंच. ते पीएम स्वनिधीचं कर्ज होतं. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी केंद्राने सुरू केलेली ही योजना चांगली आहे, योजनेला मी नावं ठेवत नाही. तारण लागत नाही, अर्जाला फी नाही. पहिलं कर्ज १० हजारांचं, ते वर्षभरात फेडलं की २० हजार, तेही फेडलं की ५० हजार. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के दराने होणारं व्याज सरकार आपल्या खात्यात परत टाकतं. म्हणजे त्याचा ५० हजारांचा आकडा या योजनेतही होता, पण तिसऱ्या पायरीवर, आणि फेडायचा. (ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन पायऱ्या १५ आणि २५ हजारांच्या झाल्या, योजनाही मार्च २०३० पर्यंत वाढली. म्हणजे असे गोड बोलणारे परत फिरणार, म्हणून तर लिहायला बसले.)

गाळ्यावर गेले तर म्हणाला, "ते डिपॉझिट कापलंय काकी, ५० हजार आले की सगळं परत." पुढच्या आठवड्यात शटर खाली. फ्लेक्स तसाच.

घरी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. मुलाला कळलं तेव्हा तो माझ्यावर नाही, उशिरावर चिडला. पोलिसांनी अर्ज घेतला, पण पैसे तोवर कुठल्या कुठे गेले होते. आता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, त्यावर लगेच फोन केला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता असते. दिवस घालवले की तीही जाते. लाज नंतर वाटून घ्या.

माझ्या शेजारी फळं विकणारी एक बाय आहे. तिनेही दीड हजार दिले होते, तिचंही कर्ज आलं होतं. पण तिचा अंगठा खरंच उठला नाही. चार वेळा ठेवला तरी नाही. वैतागून तो म्हणाला, "उद्या या," आणि उद्या शटर बंद. तिचे दहा हजार शाबूत. तेव्हापासून ती मला म्हणते, "वहिनी, तुमचा अंगठा फारच गुणी निघाला."

ते कर्ज मी फेडलं. महिन्याला नऊशेच्या वर हप्ता, वर्षभर, न वापरलेल्या पैशांचा. बँकेत नाव खराब झालं तर पुढे कुणी उभं करणार नाही, म्हणून. मग २० हजारांसाठी नगरपालिकेत स्वतः गेले. टेबलावरच्या मुलीने अर्ज भरून दिला, नंबर लिहिलेला कागद हातात दिला. पैसे किती द्यायचे विचारलं तर ती हसली. त्या पैशांतून नवी कढई घेतली आणि शेगडी बदलली.

मुलाने माझ्या फोनवर आधारचं ॲप टाकून अंगठ्याला कुलूप लावून दिलंय. ते असेपर्यंत आधारच्या कुठल्याच मशीनवर अंगठा चालत नाही. रेशनला गेले की थोड्या वेळापुरतं उघडते. परवा विसरले. दुकानदाराने दोनदा मशीन झटकलं, मग म्हणाला, "काकी, अंगठा उठत नाहीये." रांगेतून बाजूला झाले, फोन काढला आणि त्याला मशीन माझ्याकडे वळवायला सांगितलं. पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी वाचलं, मग कुलूप काढलं.