जाम झालेला पीटीओ सोडवला, त्याला आता नऊ महिने झाले

गेल्या श्रावणात मी २२ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींत ९ फूट अंतर, वर मांडव, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत घालता येत नाही. इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं, टायर निम्मे शिल्लक होते, लिफ्ट वजन उचलत होती. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता शाफ्ट, मात्र मी चालवून बघितला नाही. 'फवारणीचा ब्लोअर विकल्यापासून लावलाच नाही,' असं मालक म्हणाले आणि मी ते धरून चाललो. ऑक्टोबर छाटणी झाली, फूट निघाली की डाउनी-भुरी या रोगांवरच्या फवारण्यांना उसंत नसते, आणि ब्लोअर पीटीओवरच चालतो. म्हणजे बागेसाठी ट्रॅक्टरचं जे मुख्य काम, तेच बंद होतं.

घरी आणल्यावर दोन दुखणी दिसली. जुन्या ब्लोअरच्या जॉइंटचा अर्धा तुकडा शाफ्टवर तसाच बसलेला. तो निघेना म्हणून कोणीतरी जॉइंटमधला क्रॉस कापून ब्लोअर सोडवला होता. शिवाय पीटीओचा लिव्हर न्यूट्रलमधून तसूभर हलत नव्हता. तुकड्यावर हिरवट-तांबूस थर होता. ब्लोअरच्या टाकीतून बोर्डोचं (मोरचूद-चुन्याचं) पाणी तिथे ठिबकत राहिलं असणार. मोरचुदातलं तांबं लोखंडाला लागलं की गंज झपाट्याने धरतो.

शेजारचे अण्णा घण घेऊनच आले. पण गावातल्या जुन्या फिटरनी त्यांना अडवलं. 'दादा, शाफ्टच्या तोंडावर मारायचं नाही. मार आतल्या बेअरिंगला आणि ते जागेवर धरणाऱ्या कडीला, सर्कलिपला बसतो.' त्यांचं ऐकलं, हे या सगळ्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल ठरलं.

इंजिन बंद, लिव्हर न्यूट्रलला, आणि शाफ्ट पाइप पान्याने हळूच फिरवून बघितला. जड का होईना, फिरला. म्हणजे आतले गिअर आणि बेअरिंग धरलेले नव्हते. ही खूण फार कामाची आहे, कारण इथेच बरेचजण घाबरून अख्खी गिअरची पेटी उघडायला लावतात. मग लिव्हरचा दांडा पेटीपासून सोडवला. दांडा मोकळा हलत होता. पेटीत शिरणारी लिव्हरची पिन तेवढी आपल्या भोकात गंजून बसली होती. वरचं रबरी बूट फाटलेलं, दोन पावसाळे पाणी तिथूनच आत गेलेलं.

तेल काढलं तर आधी पाणी आलं, मग ताकासारखं पांढरट तेल. या ट्रॅक्टरला गिअर, मागचा एक्सल आणि लिफ्ट यांना एकच तेल आहे, म्हणजे ते पाणी लिफ्टच्या पंपातही फिरलेलं. पाच लिटर डिझेल घालून शाफ्ट हाताने फिरवला आणि पेटी धुतली. इंजिन चालू केलं नाही. हे दोनदा केलं.

पिनेवर सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचा स्प्रे मारला, आणि दर वेळी छोट्या हातोडीने दोन्ही बाजूंनी हलके ठोके. जोर एकाच दिशेने लावायचा नाही, मागे-पुढे खेळवत राहायचं. तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या संध्याकाळी केसभर हलली. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली.

शाफ्टवरच्या तुकड्याला जास्त वेळ गेला. त्याला दाबायची लॉक-पिन असते, ती शाफ्टच्या खाचेत बसते. ती अडकलेली असताना ओढाल तेवढं व्यर्थ. ती ड्रिलने काढली. स्प्रे ज्वलनशील असतो, म्हणून सगळं पुसून, वाळवून, बादलीभर वाळू जवळ ठेवली आणि मगच गॅसची बत्ती लावली. बत्ती फक्त बाहेरच्या तुकड्यावर, म्हणजे तो फुगतो आणि आतला शाफ्ट त्या मानाने थंड राहतो. तीन पायांचा पुलर ताणून ठेवला होता. 'टक्' आवाज आला आणि तुकडा सुटला. उष्णतेने ऑईल सील जळालं, पण ते बदलायचंच होतं. शाफ्ट नेहमीचा ६ दात्यांचा, ३५ मिमीचा. दाते पॉलिश पेपरने घासल्यावर नवा जॉइंट हाताने सरकू लागला.

सील, मागचं बेअरिंग, रबरी बूट, नवं तेल, फिल्टर, फिटरची मजुरी मिळून मला साडेनऊ हजार लागले. निम्म्याहून जास्त पैसे तेलाचे.

आता वापराचं. छाटणीपासून माल उतरेपर्यंत सगळ्या फवारण्या याच पीटीओवर झाल्या आणि तो एकदाही अडला नाही. रोटाव्हेटरला मात्र जानेवारीत लिव्हर आपोआप सुटू लागला. ओलसर कडक जमिनीत भार आला की खाड्कन न्यूट्रलला. लिव्हर जागेवर धरणारी बॉल-स्प्रिंग गंजून मऊ पडली होती. नवी घातल्यावर सुटणं थांबलं. पेटीत पीटीओ जोडणाऱ्या कॉलरच्या दातांच्या कडा थोड्या झिजल्यात, म्हणून रोटाव्हेटर मी उथळ धरतो. ज्यांना रोज रोटाव्हेटर मारायचा आहे, त्यांनी असा ट्रॅक्टर घेऊ नये असंच मी सांगेन.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवू नका. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक किंवा पदर अडकला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आमच्या ट्रॅक्टरबरोबर कव्हर आलंच नव्हतं, ते मी पहिल्या फवारणीच्या आधी आणून लावलं. ब्लोअरपाशी जायचं तर आधी इंजिन बंद, हा नियम घरातल्या पोरांनाही लावला आहे.

बोर्डो मारून आलो की शाफ्ट साध्या पाण्याने धुऊन, पुसून, दात्यांना ग्रीस लावतो आणि त्यावर कापलेला तेलाचा डबा उपडा घालतो. परवाच्या मोठ्या पावसानंतर पेटीचा तळाचा बोल्ट जरा सैल करून बघितलं. पाण्याचा थेंब नव्हता, तेल स्वच्छ होतं.