माडी घासायचं ड्रम सँडर: लाइट गेल्यावर बटण चालूच राहतं, आधी हे वाचा

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेलं ८ इंची ड्रमचं फ्लोअर सँडर (फिरत्या ड्रमवर घासकागद लावून लाकडी जमीन घासायचं मशीन) आता थंडी ओसरत आली तरी आमच्याकडे कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. हाच ढाचा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो, त्यामुळे मी सांगते ती खोट तुमच्या मशीनमध्येही असू शकेल. वॅट, आरपीएम, डब्यात काय मिळतं हे सगळं जाहिरातीत आहेच.

काम आमच्या साताऱ्यातल्या यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या घराचं. खाली शहाबादी, वर माडीला सागवानी तक्तपोशी, तेल आणि पॉलिशचे थर चढून काळी पडलेली. बाहेरून माणसं बोलवायची तर मजुरी, मुक्काम, गाडीभाडं धरून जो आकडा सांगितला त्यात मशीन विकत येत होतं, शिवाय ते आपल्याजवळ राहणार होतं. मग दुसऱ्यांचे पैसे कशाला भरायचे?

आधी चांगलं सांगते. मशीन कापतं जोरात. ४० नंबरच्या, म्हणजे भरड, कागदाचा पहिला हात फिरला आणि काळपटाखालून सागाचा तो मधाळ रंग वर आला, तेव्हा सासूबाई गुडघे धरत जिना चढून बघायला आल्या. त्यानंतर आणखी बारीक होत जाणारे ६०, ८०, शेवटी १२०. मधला नंबर गाळून कागद वाचवायचा मोह होतो, पण ४० वरून थेट १०० वर उडी मारली तर आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. साग तेलकट, त्यात नैसर्गिक सिलिका, त्यामुळे कागद भरतो आणि बोथटही लवकर होतो. कागदाचा खर्च दुकानदार सांगेल त्यापेक्षा बराच जास्त धरा.

आता मुख्य मुद्दा. जुलैत साताऱ्यात लाइट कशी येते-जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी काम चालू असताना लाइट गेली, ड्रम गरगरत थांबला. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, बसून काय राहायचं, तेवढ्यात कागद बदलून घेतो." मी म्हटलं, "भाऊजी, आधी पिन काढा." त्यांनी पिन काढली, कागद बदलला, लाइट आली, काम पुढे सुरू झालं. पण पिन परत लावताना दिसलं की हँडलवरचं बटण सगळा वेळ 'चालू'वरच दाबून बसलेलं होतं. लाइट गेली म्हणून ते पडलं नव्हतं.

संध्याकाळी मुद्दाम तपासलं. ड्रम लिव्हरने वर उचलून ठेवला, सगळे लांब उभे राहिलो, मशीन सुरू करून मेन पाडला आणि थोड्या वेळाने वर केला. मशीन आपोआप सुरू झालं. ड्रम खाली टेकलेला असता तर ते समोरच्या दिशेने स्वतःच पळत गेलं असतं, कारण ड्रमची ओढ पुढेच असते. आणि भाऊजींची बोटं ड्रमवर असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्याच्याकडे विहिरीवर मोटार आहे त्याला हे लगेच कळेल. मोटारीच्या डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टरमध्ये, म्हणजे लाल-हिरव्या बटणांच्या पेटीत, लाइट गेली की कॉइल सुटते, आणि लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. सुतारांच्या कारखान्यातल्या रंधा मशीनलाही अशी लाल-हिरवी बटणं असतात. म्हणजे ही सोय जुनी आहे, स्वस्त आहे, सगळ्यांना माहीत आहे. मग माणूस ज्याच्या मागे उभा राहून चालतो, ज्याच्या ड्रमला हात लावून कागद बदलावा लागतो, त्या मशीनला ती का नाही?

दुकानदाराला फोन केला. त्याने सर्व्हिसवाल्याचा नंबर दिला, सर्व्हिसवाल्याने परत दुकानदाराकडे धाडलं. शेवटी एकजण बोलला: "मॅडम, यात फॉल्ट नाही. लाइट गेली की पिन काढायची." पिन काढायची हे बरोबरच आहे, कागद बदलताना आम्ही ती प्रत्येक वेळी काढतोच. पण लाइट गेल्यावर अंधारात, धुळीत, दमलेल्या माणसाने दर वेळी आठवणीने ती काढावी यावर सुरक्षितता सोडायची? बटण बदलून द्या म्हटलं तर नाही, आणि आम्ही मशीन उघडून बदललं तर वॉरंटी संपणार.

मग मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून बाहेरच्या बाहेर इलाज केला. सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर एका लाकडी पाटीवर बसवून वायरीच्या मध्ये जोडून घेतला. दोन हजारांच्या आत काम झालं, मशीनला हातही लावला नाही. आता लाइट गेली की तिथेच तुटते. हिरवं बटण दाबण्याआधी मशीनचं बटण बंद आहे आणि ड्रम वर आहे हे पाहायचं. शेतावरच्या स्टार्टरला लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा 'ऑटो' जोडलेला असतो, तसला जुना स्टार्टर उचलून आणू नका, तो नेमकं उलटं काम करेल.

एक गैरसमज मिस्त्रींनाही होता: घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे, मग हे कशाला? आरसीसीबी करंट गळला तर पाडते, माणसाला शॉकपासून वाचवते. लाइट गेली-आली याच्याशी साध्या आरसीसीबीला घेणंदेणं नसतं. दोन्ही हवं. जुन्या घरात पंख्याच्या पॉइंटवर हे मशीन लावूच नका. आम्ही मीटरपासून अर्थिंगसह वेगळी २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी सोडवून पूर्ण पसरा, नाहीतर तापते. चालवताना ती खांद्यावरून मागे टाका, ड्रमखाली आली तर संपलं.

वजनाबद्दलचं माझं मत मात्र बदललं. अरुंद जिन्यावरून चौघांनी वर चढवताना मी या मशीनला शिव्या दिल्या होत्या. पण त्या वजनामुळेच दाबावं लागत नाही, नुसतं धरून चालायचं. ड्रम फिरायला लागल्यावर, पाऊल पुढे पडताना लिव्हर खाली, थांबण्याआधी लिव्हर वर. एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी फळीत खळगा पडतो.

धुळीची पिशवी ठीकठाक आहे. एक तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि काम संपल्यावर धूळ घरात ठेवू नका. जवसाच्या तेलाची, जुन्या पॉलिशची धूळ साठून आतल्या आत तापते आणि पेट घेऊ शकते. आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून अंगणात ठेवतो. तेलाची फडकी पाण्यात बुडवून. फळ्यांवरचे जुने चौकोनी डोक्याचे खिळे आधी पंचने खोल ठोकले, कारण खिळ्यावर कागद घासला की ठिणगी थेट पिशवीत जाते. फटींतून धूळ खाली देवघरात उतरत होती, म्हणून सासूबाईंनी देव मागच्या खोलीत हलवले. काम चालू असेपर्यंत या बाजूला ना दिवा, ना उदबत्ती.

लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. रुमाल बांधून चालत नाही, एन९५ घट्ट बसलेला हवा. कानाला मफ. आणि कडेचा जुना तांबडा ऑइल पेंट आम्ही मशीनने घासलाच नाही. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या तांबड्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. घरात लहान मुलं आहेत. तो पट्टा ओला करून हाताने खरवडला, चिखल वेगळा भरला.

सुरुवातीला पाचपैकी दोन तारे दिले होते. स्टार्टर जोडल्यानंतर साडेतीन करते, कापण्यासाठी आणि वजनासाठी. उरलेले दीड कंपनीने बटण बदललं तर देईन. वाईच्या एका नातेवाइकांनी त्यांच्या माडीसाठी मशीन मागितलंय. पाटीसकट नेणार असतील तर देईन असं कळवलंय.