बोलोन्यात एक सत्र काढल्यानंतर

इटलीतल्या बोलोन्याला यायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी सगळ्या नातेवाइकांना एकच गोष्ट सांगितली: 1088 चं विद्यापीठ, पाश्चात्त्य जगातलं आजतागायत चालू असलेलं सर्वांत जुनं. खरं आहे, पण रोजच्या जगण्यात त्याचा फारसा उपयोग नाही. उपयोग होतो तो पोर्तिकोंचा.

पोर्तिको म्हणजे घरांच्या वरच्या मजल्यांखालून जाणारे कमानींचे फुटपाथ. नुसत्या जुन्या शहरात ते 38 किलोमीटरच्या आसपास भरतात. नोव्हेंबरात पावसाची रिपरिप चालू होती तरी माझी छत्री बहुतेक खोलीतच होती. (ओल्या बुटांनी मात्र जपून चाला, काही ठिकाणची फरशी फार गुळगुळीत आहे.) मध्ययुगात शहरात माणसं वाढली, त्यात शिकायला आलेली पोरंही आली. घरं पुरेनात तेव्हा मालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. 1288 मध्ये तर नव्या घराला पोर्तिको सक्तीचा झाला, तोही घोडेस्वार खालून जाईल इतका उंच. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर काझा इझोलानी या जुन्या घराचे उंचच उंच लाकडी खांब अजून उभे आहेत.

थोडक्यात, खोल्यांची टंचाई इथे जुनीच आहे, आणि आजही ती मिटलेली नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. जाहिराती पाहाव्यात तर कुणाला फक्त नोकरदार हवेत, कुणाला इटालियन बोलणारेच. दहा जणांना मेसेज करावा तेव्हा एखादा उत्तर देतो. खोली न दाखवता डिपॉझिट मागणारे भामटेही भेटतात, त्यांना एक युरोही पाठवू नका. मला शेवटी पोर्ता सान दोनातो या जुन्या वेशीच्या पलीकडे दोघींत एक खोली मिळाली. व्हिया झांबोनीवरच्या वर्गात चालत जाता येतं, एवढ्यावर समाधान.

अभ्यासाला मात्र पैकीच्या पैकी. नऊचा तास सव्वानवाला सुरू होतो, त्याला इथे रीतसर ‘अकादमिक पाव तास’ म्हणतात. परीक्षा बऱ्याच तोंडी. आपल्याकडच्या व्हायव्हासारखं दोन मिनिटांत उरकत नाही, समोर बसवून खोलात नेतात, मागे बाकीची मुलं ऐकत असतात. गुण 30 पैकी, पास व्हायला 18. माझ्या पहिल्या पेपरात प्राध्यापकांनी 24 म्हणून वर विचारलं, ‘मान्य?’ नको असेल तर नाकारून पुढच्या खेपेला पुन्हा बसता येतं. मी आपली मुकाट्याने मान डोलावली. माझ्या पुढच्या मुलाने 26 नाकारले!

शाकाहाऱ्यांनी तोर्तेल्लीनी (सारण भरलेला छोटा पास्ता) टाळावेत, सारणात डुकराचं मांस असतं. रिकोत्ताचे तोर्तेल्लोनी चालतील, पण चीजमधल्या रेनेटचंही (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) वावडं असेल तर आधी विचारा. असिनेल्ली मनोऱ्यावर पदवीआधी चढलं तर पदवी मिळत नाही, अशी इथल्या मुलांची समजूत आहे. शेजारचा कललेला गारिसेंदा धोक्याचा ठरल्याने 2023 पासून तो परिसरच बंद केला, त्यामुळे तो मोह आपोआप टळला.

प्रादेशिक शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर मिळते आणि ती मिळाली तर बराच भार हलका होतो. उत्पन्नाची आणि घराची कागदपत्रं, त्यांचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का), इटालियन भाषांतर, यात महिने जातात. प्रवेशाचं पत्र हातात पडायची वाट न बघता कागद जमवायला लागा, आणि खोली शोधायलाही.