वीस लिटरची ड्राय बॅग: अंदमान ते अंबाझरी, नऊ महिन्यांचा अनुभव

नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानात ही पिशवी हातात घेतली तेव्हा नवऱ्याने किंमत बघितली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "साडेअकराशेत ताडपत्री विकून राहिला हा. वरून बक्कल लावलं, झालं." तसा तो चुकीचा नव्हता. ड्राय बॅग म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेल्या जाड कापडाची नळकांड्यासारखी पिशवी. शिलाई नाही, सांधे उष्णतेने चिकटवलेले. चेन नाही, तोंड गुंडाळायचं आणि दोन टोकं एकमेकांत अडकवायची. आमची निळी, वीस लिटरची. जानेवारी २०२५ मध्ये घेतली, आता दिवाळी आली. मधल्या काळात ती सोळा दिवस अंदमानात होती, दोनदा रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेली आणि एक अख्खा नागपुरी उन्हाळा-पावसाळा तिने काढला. लोक पिशवीची घडी मोडायच्या आत पाच चांदण्या देऊन मोकळे होतात, म्हणून मी मुद्दाम थांबले.

अशी पिशवी मला का हवी होती, हे अंबाझरी तलावाच्या उताराकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. आमच्याकडे ते पलंगाच्या पाटीपर्यंत आलं होतं. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दहाएक वर्षांची मूळ चित्रं कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. भिजलेलं जलरंगाचं चित्र वाळवता येतं, पण वाळल्यावर त्यात आपलं काही उरलेलं नसतं. सगळा एकच करडा डाग. त्यानंतर कित्येक महिने मी रंगाच्या पाण्याची वाटी टेबलावर न ठेवता बाजूच्या स्टुलावर ठेवत होते.

आणि अशा बाईला घेऊन नवरा निघाला बेटावर, चारी बाजूंनी पाणी. बेत त्याचाच. माझ्या हातात चोवीस पानांचं एक चित्रपुस्तक होतं, त्याला दिवाळी अंकासाठी शब्दकोडी रचायची होती. (दिवाळी अंकाचं काम जानेवारीत करणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.) सकाळी काम, दुपारी पाणी, संध्याकाळी काही नाही, एवढंच ठरलं होतं.

नेण्याआधी घरी परीक्षा घेतली. पिशवीत जुना पेपर टाकला, तोंड दोनदा गुंडाळलं, बक्कल लावलं आणि न्हाणीघरातल्या बादलीत दाबून धरली. पाच मिनिटांनी पेपर एका कोपऱ्यात ओला. मी तिथेच रडकुंडीला आले. नवऱ्याने पिशवीवर छापलेलं वाचलं, तीनदा गुंडाळली, परत बुडवली. कोरडा. चार वेढे दिले की अजून बरं, पण मग वीस लिटरची पिशवी पंधरा लिटरची होते, हे घेतानाच लक्षात ठेवा. गुंडाळण्याआधी थोडी हवा आत राहू द्यायची. पाण्यात पडली तर ती त्या हवेवर तरंगते. सगळी हवा काढून दगडासारखी भरली तर जड सामानासकट तळाला जाते, आणि खोल पाण्यात दाबली गेलेली ही पिशवी टिकत नाही. ती शिंतोड्यांसाठी, पावसासाठी, पटकन पडून पटकन उचलण्यासाठी आहे. पाणबुड्यांच्या कामाची नाही.

नागपूरहून कलकत्त्यामार्गे गेलो. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुनंच बोलतात. हॅवलॉक बेटाचं तर २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय, तरी जेट्टीवर आरोळी "हॅवलॉक, हॅवलॉक" अशीच. सेल्युलर जेल बघितलं. पाकळ्यांसारख्या सात इमारतींपैकी तीन उभ्या आहेत. वही काढली होती, पण काही काढावंसं वाटलं नाही. बंद केली.

खरे दिवस हॅवलॉकचे, दहा. तिथे आधी घड्याळाशी जुळवून घ्यावं लागतं. नागपूर ७९ रेखांशावर, ते बेट ९३ च्या जवळ. अंशाला चार मिनिटं धरली तर जवळजवळ तासाभराचा फरक, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. सहाच्या आत लख्ख उजेड, साडेपाचच्या सुमारास सूर्य गेलेला. आमच्याकडे तर्री पोह्यांच्या गाड्या लागायच्या वेळेला तिथे माझं एक पान रंगून व्हायचं. व्हायचं म्हणजे, व्हायला हवं होतं. दमट हवेत रंग वाळतच नाही. नागपुरात मे महिन्यात कुंचला कागदावरून उचलेपर्यंत रंग बसलेला असतो, पुढचा हात द्यायला आपणच उशीर करतो. तिथे पहिल्या हातानंतर चाळीस मिनिटं बसून राहायचं. पहिले दोन दिवस मी चिडले. तिसऱ्या दिवशी दोन पानं एकदम मांडली, एक वाळेपर्यंत दुसरं. ओल्यात ओला रंग सोडायची जी पद्धत मी इथे टाळते, ती तिथे आपोआप करावी लागली. पुस्तकातलं तळ्याचं आभाळ त्यातूनच आलं.

पिशवीची खरी कसोटी कांदळवनात लागली. वाटाड्याबरोबर दोघं दोन कयाकमध्ये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यामुळे एकट्याने खाडीत घुसायचं नाही हे तिथलं पहिलं वाक्य. पिशवी मी पुढच्या दोरीखाली अडकवली होती; आत वही, रंगाचा डबा, फोन. कांदळाची आधारमुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली असतात. मी एका कमानीखालून जाताना हात वर केला, वल्हं अडकलं आणि सगळंच उलटं झालं. पाणी कमरेएवढं होतं, पण मला त्या क्षणी तळ दिसला नाही, पिशवी दिसली. दोरीतून निसटून चार हातांवर तरंगत होती. नवरा आपल्या कयाकमधून ओरडून राहिला होता, "अगं तू आधी ऊठ ना, पिशवी कुठे चालली!" वही कोरडी. डब्यात थेंब नाही. चार वेढे दिले होते.

एलिफंट बीचला मात्र फसलो. बोटीच्या तळाशी पाणी साचलेलं, त्यात पिशवी तासभर पडून होती. दोष पिशवीचा नाही, माझा. किनाऱ्यावर उघडली तेव्हा तोंडाच्या पट्टीला वाळू चिकटली आणि तशीच गुंडाळली. वाळूचा एक कण वेढ्यात राहिला की तिथून पाण्याला वाट मिळते. टॉवेलचा काठ ओला झाला, बाकी वाचलं. तेव्हापासून गुंडाळण्याआधी पट्टी तळहाताने पुसायची सवय लागली. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणंही चुकवू नका, मीठ वाळलं की बक्कल करकरतं.

अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री परत खाडीत गेलो. चंद्र नसेल तेव्हाच तिथल्या पाण्यातले सूक्ष्म जीव चमकताना नीट दिसतात. वल्हं हललं की निळसर ठिणग्या. त्या रात्री पिशवीत काहीच नव्हतं, मुद्दाम रिकामी फुगवून नेली होती. फोनमध्ये ते टिपता येत नाही, आणि काळ्या कागदावर काढायचा मी केलेला प्रयत्न कोणाला दाखवण्यासारखा नाही.

शंख आणि प्रवाळ तिथून आणता येत नाहीत, सामान तपासतात. म्हणून मी शहीद द्वीपच्या, म्हणजे जुन्या नीलच्या, किनाऱ्यावर बसून शंख काढले आणि जागेवर ठेवले. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच जवळून बघता येतो. ओहोटीची वाट बघत नवऱ्याने तीन कोडी पुरी केली. त्यातले दोन शब्द त्याच्या परवानगीने देते. समुद्राला दिवसातून दोनदा होते, सरकारी खात्यात क्वचित, तीन अक्षरी. आणि दुसरं, नाकाकडून वाचा की शेपटाकडून, पाण्यावर तेच, तेही तीन अक्षरी. पहिल्याचं उत्तर भरती. दुसऱ्याला मला वेळ लागला आणि तो अख्खी संध्याकाळ जेट्टीकडे बोट दाखवत बसला. जहाज.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली आणि मोठी. बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलंही बाहेर जात नाही, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. एका दुपारी मी ओला रंगाचा डबा तसाच आत टाकला, पिशवी खोलीच्या व्हरांड्यात उन्हात राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर गेरूच्या आणि पिवळ्या रंगाच्या वड्यांवर पांढरी बुरशी. वहीच्या कडा लाटेसारख्या झालेल्या. तेव्हापासून चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या मी जमवते. चार-पाच कायम आत असतात. ओलं काही ठेवायचं असेल तर वेगळ्या पिशवीत, आणि रात्री तोंड उघडं.

दुसरी तक्रार वासाची. नव्या पिशवीला प्लास्टिकचा उग्र वास होता, तो दोन महिन्यांनी गेला. त्याआधीच नवऱ्याने जाताना आत सावजी मसाल्याचं पाकीट ठेवलं होतं, बेटावर मासळीच्या रश्श्यात घालायला. तो वास अजून आहे. माझ्या एका चित्राचा कागद हुंगून प्रकाशकांकडच्या बाई म्हणाल्या, "जेवूनच बसला होता का?"

तिसरी, उन्हाची. एप्रिलमध्ये धुऊन गच्चीवर वाळत टाकली आणि विसरले. संध्याकाळी बघते तर कापड स्वतःलाच चिकटलेलं, सोडवताना चरचर आवाज. फाटली नाही, पण एका घडीवर लेप पांढुरका झालाय आणि तिथे ती पुढेमागे फुटेल असं वाटतं. नागपूरच्या उन्हात पीव्हीसी वाळवायचं नाही, सावलीत पंख्याखाली ठेवायचं. ठेवतानाही रोज त्याच जागी घडी घालू नका, सैल गुंडाळून ठेवा.

जूनमध्ये बक्कलाचा एक दात तुटला. बक्कल गेलं की गुंडाळलेलं सगळं सुटतं. कंपनीला कळवलं, उत्तर आलं की बक्कल वॉरंटीत बसत नाही. कशात बसतं ते त्यांनी कळवलं नाही. शेवटी महाल भागात बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी शाळेच्या दप्तराचं बक्कल बसवलं, चाळीस रुपये. ते मूळच्यापेक्षा मजबूत निघालं. काका पिशवी उलटीसुलटी करून म्हणाले, "ताई, ही तर ताडपत्री आहे." घरी आल्यावर नवऱ्याला हे सांगितलं नाही.

आणि पावसाळा. जुलैत दोन दिवस धोधो झाला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी सामान वर चढवलं. २०२३ नंतर ढग गडगडले की हेच चालतं. मी चित्रं पिशवीत भरायला घेतली तर आत आधीच घराचे कागद, पासबुकं आणि त्याच्या आईचा एक जुना फोटो. नवऱ्याने सकाळीच भरून ठेवले होते. चित्रं मोठ्या आकाराची, गुंडाळावी लागली असती, तीही मग वरच्या अंगाने बसवली. पाणी फाटकापर्यंतच आलं. पण त्या रात्री मी झोपले, हे मला या पिशवीबद्दल सांगायचंय.

घ्यायची असेल तर आकाराचं बघा. एकट्याला फोन, कपडे, वही एवढ्यासाठी दहा लिटर पुरते. दोघांना वीस. त्यावरची मोठी भरल्यावर उचलत नाही. पारदर्शक खिडकीवाल्या मिळतात, त्या सांध्यांवर मला भरवसा नाही, पण वापरलेली नाही म्हणून अधिक बोलत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. बक्कलाचा अर्धा कापला होता, काकांनी तो परत आणला; उरलेला एक पट्ट्याचा. सोबत येणारा खांद्याचा पट्टा दोरीसारखा बारीक आहे, वीस लिटर भरली की काचतो. जुन्या लॅपटॉप बॅगेचा रुंद पट्टा लावून टाका, कड्या तेवढ्याच मापाच्या असतात.