नकोशी लैंगिक ओढ: गावात राहून मदत कुठं मागायची?

चप्पल, पाय, केस, विशिष्ट कापड अशा एखाद्या गोष्टीशी लैंगिक उत्तेजना घट्ट बांधली जाते, तिला फेटिश म्हणतात. कित्येकांना ती असते आणि तिचा काही त्रास नसतो. हे लिहिलंय ते ज्यांना ती नको आहे, तिच्यापायी ज्यांची झोप उडाली आहे आणि कामात जीव लागत नाही, त्यांच्यासाठी. त्यातही जे अशा गावात राहतात, जिथं सकाळच्या एसटीनं कोण कुठं गेलं हे संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं.

आधी हा आजार आहे का ते पाहू. डीएसएम-5 या अमेरिकन निदानसंहितेनं 2013 मध्ये ओढ आणि विकार यांत फरक केला. ओढीमुळे माणसाला ठळक त्रास होत असेल किंवा त्याचं रोजचं जगणं अडत असेल, आणि हे किमान 6 महिने चाललं असेल, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही आजारांची यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यातून तर फेटिशचं वेगळं निदानच काढून टाकलं आहे. लोक काय म्हणतील एवढ्याच भीतीनं होणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, असंही ती सांगते. म्हणजे तुम्ही वाईट नाही आणि वेडेही नाही. त्रास मात्र खरा आहे, आणि त्यावर मदत मागायला निदानाचा शिक्का लागत नाही.

आता वाटा. सगळ्यात जास्त लोक धरतात ती गप्प राहण्याची. विचार आला की मारायचा, शपथा घ्यायच्या, उपास करायचे. विचार दाबला की तो जास्त जोरानं परत येतो, हे 1987 मध्ये डॅनिअल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसलं होतं. त्यात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांना अस्वलच आठवत राहिलं. ओढ सौम्य असेल, कामधंदा नीट चालू असेल, तर काहीच न करणं हाही शहाणा निर्णय ठरतो. पण दिवसाचे तास त्या झगड्यात जात असतील, तर गप्प राहण्याची किंमत रोज चुकवावी लागते.

दुसरी वाट घरचे सुचवतात: "लग्न करून टाका, सगळं ठीक होईल." याला माझा ठाम विरोध आहे. लग्नानं ओढ जाईलच याला काही आधार नाही. उलट दुसऱ्या घरची मुलगी काही माहीत नसताना त्या ओझ्याखाली येते. नवरा जवळ येत नाही, आणि दोष तिच्या रूपाला नाहीतर नशिबाला लागतो. वर्षभरात पाळणा हलला नाही की डॉक्टर, देवरस्की, उपास यांच्या फेऱ्या तिच्याच वाट्याला येतात. खरं कारण ज्याला माहीत आहे तो तोंड उघडत नाही. लग्न ठरत असेल तर आधी एकदा तज्ज्ञाशी बोला, मग तारीख काढा. लग्न झालेलंच असेल तर बायकोला काय आणि कसं सांगायचं, यासाठीसुद्धा समुपदेशक मदत करतो.

तिसरी वाट तालुक्याच्या लॉजवर बसणाऱ्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'ची. यावर फार शब्द घालवत नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे. जो भिंतीवर नंबर रंगवून तशी औषधं विकतो, त्याच्या पुडीत काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

आता खऱ्या दोन वाटा, फोन आणि दवाखाना. टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. नंबर 14416. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गावातल्या माणसासाठी तिचा मोठा गुण म्हणजे केसपेपर नाही, रांग नाही, ओळखीची नर्स नाही. वावरात धुऱ्यावर उभं राहूनही बोलता येतं, फक्त रेंज बघून घ्या. पहिलं वाक्य जड जातं, म्हणून ते आधीच ठरवून ठेवा: "मला एका वस्तूची लैंगिक ओढ आहे, ती नको आहे, तिच्यामुळे झोप लागत नाही." एवढं पुरतं. फोनची मर्यादाही आहे. पुढच्या वेळी तोच समुपदेशक भेटेल असं नाही, आणि महिनोन्‌महिने चालणारी थेरपी फोनवरच पूर्ण होईल अशी आशा धरू नये.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार ओपीडी असते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. अडचण अंतराची आणि गर्दीची. धारणीहून अमरावती म्हणजे घाट ओलांडून अख्खा दिवस गेला, मजुरीही बुडाली. त्यात दाराशी गावचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, ही धास्ती. झोपेच्या तक्रारीसाठी आलो असं सांगा, ते खोटंही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. आशाताई मदतीला तयार असतात, पण ही गोष्ट त्यांच्यामार्फत नेऊ नये असं मला वाटतं. त्या त्याच गावच्या असतात, आणि तुमच्या मनावर उगाच ताण राहतो.

नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम, सावंगी, अकोला, यवतमाळ इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. माझी पसंती त्यांना आहे, कारण औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली मिळण्याची शक्यता तिथं जास्त. खाजगीत गेलात तर वेळ आणि एकांत दोन्ही अधिक, फी मात्र प्रत्येक भेटीला. डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका.

उपचारातून काय मिळतं? ओढ पुसून टाकण्याची हमी प्रामाणिक डॉक्टर देत नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत तुम्ही चाळवणारे प्रसंग ओळखता, इच्छा आली तरी कृती टाळायला शिकता, शरमेचा पीळ सैल करता. सोबत उदासी किंवा चिंता असेल तर एसएसआरआय गटातली औषधं दिली जातात. त्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात. ती लैंगिक इच्छाही कमी करू शकतात, आणि मनानं बंद करायची नसतात. काही वेळा मुळात ती ओढच नसते. विचारानं सुख न वाटता फक्त भीती आणि किळस वाटत असेल, तर तो ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येत राहण्याचा आजार, असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे. पन्नाशीनंतर अचानक, किंवा पार्किन्सनच्या गोळ्या सुरू झाल्यावर अशी इच्छा उफाळली, तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडं जा.

ओढीत लहान मूल असेल, किंवा दुसऱ्याच्या संमतीशिवाय काही करावंसं वाटत असेल, दोरीवरचे कपडे उचलणं, लपून पाहणं, तर या वाटांची तुलना करत बसू नका. हातून काही घडण्याआधी आजच 14416 लावा. जीव द्यावासा वाटत असेल तरीही तेच. आणि पहिल्या डॉक्टरनं हसण्यावारी नेलं किंवा उपदेश केला, तर दुसऱ्या डॉक्टरकडं जा.